शूर माणूस आणि साधा नियम



राणीगंजची गोष्ट आपण मुलांना आवडीने सांगतो. नोव्हेंबर १९८९. पश्चिम बंगालमधल्या महावीर कोळसा खाणीत पाणी शिरलं. अभियंता जसवंतसिंग गिल यांनी माणूस मावेल अशी पोलादी कॅप्सूल बनवून घेतली, ते स्वतः तिच्यातून खाली उतरले आणि ६५ कामगार वर आले. सांगायलाच हवी अशी गोष्ट. पण माझं म्हणणं असं की ती तिथेच संपवू नका. शौर्याबरोबर नियमही शिकवा.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. २ जानेवारी २००६ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील सॅगो खाणीत सकाळी स्फोट झाला आणि १३ कामगार अडकले. पहिलं बचाव पथक आत शिरेपर्यंत सुमारे अकरा तास गेले. शेवटी एकच जण वाचला. तिथे शूर माणसं नव्हती का? होती. वेळ हातात राहिला नाही. त्याच वर्षी कायदा झाला: गंभीर अपघाताची खबर १५ मिनिटांत द्यायची आणि प्रशिक्षित पथक एका तासात पोहोचेल इतक्या अंतरावर हवं.

आपल्याकडेही ‘खाण बचाव नियम, १९८५’ आहेत. बचाव केंद्रं, श्वसनयंत्रं, निवडलेल्या कामगारांचं प्रशिक्षण आणि त्यांचा नियमित सराव हे सगळं त्यात येतं. नागपूरलाही असं केंद्र आहे. सराव कशाला? तर स्फोटानंतर किंवा आगीनंतर खाणीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास. मित्राला वाचवायला तसाच धावत गेलेला माणूस स्वतःच कोसळतो. म्हणून तयारी नसलेल्याला थांबवणं हेसुद्धा बचावकार्यच आहे. मुलांना हे पटवणं अवघड जातं, कारण सिनेमात थांबणारा नायक नसतो!

आता आपल्या शाळेकडे बघू. आपत्ती व्यवस्थापनाचा धडा आपण शिकवतो, मॉकड्रिल घेतो, फोटो काढतो, अहवाल पाठवतो. पण घंटा झाल्यावर पहिलीच्या वर्गाला बाहेर कोण नेणार? मागच्या दाराची किल्ली कुणाकडे? फोन कोण करणार? ही उत्तरं मुलांना विचारून बघा. पालकहो, तुम्हीही शाळेला विचारा, आम्हाला राग येणार नाही.

सॅगोनंतरचा नियम बारा माणसं गेल्यावर आला. आपला नियम त्याआधी, एखाद्या साध्या मंगळवारी, वर्गात बसून लिहिता येईल.