श्रवण झाले, मननाचे काय?

श्रवण, मनन, निदिध्यासन हा आपल्या परंपरेचा क्रम. त्यातील श्रवण आज विलक्षण सुलभ झाले आहे. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘टेड’ परिषदेचे प्रवेशशुल्क सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे. परंतु तेथील १८ मिनिटांच्या मर्यादेतील भाषणे २००६ पासून इंटरनेटवर विनामूल्य खुली झाली. मात्र एकट्याने ऐकलेला विचार बहुधा विरून जातो. न्यूयॉर्कमध्ये २००८ साली सुरू झालेल्या ‘क्रिएटिव्ह मॉर्निंग्ज’च्या विनामूल्य सभांत म्हणूनच व्याख्यानाइतके महत्त्व न्याहारीच्या वेळच्या संवादालाही असते. १८७५ पासूनची वसंत व्याख्यानमाला लाभलेल्या पुण्याला हे नवे नाही. महिन्यातून एकदा चार कुटुंबांनी एकत्र बसून एक भाषण ऐकावे, त्यावर निःसंकोच वाद घालावा आणि पटलेली एक तरी गोष्ट आचरणात आणावी.