व्याख्यानानंतरची पंगत

दिल्लीच्या लोदी उद्यानाला लागून उभ्या असलेल्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या वास्तूत शरद ऋतूत जो कलामहोत्सव भरत आला आहे, त्याची कार्यक्रमपत्रिका नुसती वाचणे हाही एक आनंद असतो. व्याख्याने, प्रदर्शने, संगीत, नृत्य, चित्रपट आणि यांच्या जोडीला निरनिराळ्या प्रांतांच्या पाककलेची खास भोजने, असा तिचा घाट असतो. राजकारणाच्या व बाजारभावाच्या बातम्या बाजूला सारून पहिल्या पानावर लिहावे एवढे या गोष्टीचे महत्त्व आहे काय, असे आमचे काही वाचक विचारतील. आहे, असे आमचे नम्र मत आहे. आणि त्याचे कारण एका लहानशा भेदात आहे. या केंद्रातील बहुतेक व्याख्याने व प्रदर्शने कोणाही नागरिकास विनामूल्य खुली असतात. भोजनगृह मात्र सभासदांपुरते व त्यांच्या पाहुण्यांपुरते असते. म्हणजे एकाच छताखाली कानांना व डोळ्यांना मुक्तद्वार, आणि जिभेला मात्र ओळखपत्र!

हे केंद्र महाराष्ट्राला परके नव्हे. ३० नोव्हेंबर १९६० रोजी जपानचे तत्कालीन युवराज अकिहितो यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली, आणि २२ जानेवारी १९६२ रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी त्याचे उद्घाटन केले. वास्तू उभारली ती जोसेफ ॲलन स्टाइन या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने. परंतु संस्था उभारली ती मुख्यत्वे चिंतामणराव देशमुख यांनी. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात १८९६ साली जन्मलेला हा पुरुष रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, देशाचा अर्थमंत्री झाला, आणि मुंबई महाराष्ट्रापासून अलग करण्याच्या प्रश्नावर १९५६ साली ते मंत्रिपद सोडून मोकळा झाला. कालिदासाचे ‘मेघदूत’ त्यांनी मराठीत आणले होते. केंद्राच्या सभागृहाला आज त्यांचेच नाव आहे. ज्या घराचा पाया आपल्या माणसाने घातला, त्या घराच्या पंगतीविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार आपणास आहे, असे आम्ही समजतो.

प्रथमच स्पष्ट करू, की व्याख्यानाच्या व प्रदर्शनाच्या शेजारी अन्नाला स्थान द्यावे याविषयी आमची तक्रार नाही. सरस्वतीच्या मंदिरात चुलीचा धूर कशाला, असे म्हणणारे सोवळे पंडित आपल्याकडे आहेत. त्यांनी बाराव्या शतकातील चालुक्य नृपती सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ उघडून पाहावा. त्या एकाच ग्रंथात चित्रकला आहे, गायन, वादन व नृत्य आहे, आणि तितक्याच आस्थेने लिहिलेले अन्नाचे प्रकरणही आहे. आमच्या काळातही दुर्गाबाई भागवतांसारख्या व्यासंगी विदुषीला ‘खमंग’ हे पुस्तक लिहिण्यात कमीपणा वाटला नाही. कोकणी माणसाचे सांदण आणि वऱ्हाडातला वडाभात यांत हवामान, पीक, स्थलांतर व जातिव्यवस्था यांचा जो इतिहास साठलेला असतो, तो कित्येकदा बखरीतही सापडत नाही. अन्न हा संस्कृतीचा विषय आहे, यात शंका नाही.

परंतु तो संस्कृतीचा विषय आहे म्हणूनच पंगतीत कोणी बसावयाचे हा प्रश्नही संस्कृतीचाच ठरतो. महाराष्ट्राला हे नव्याने सांगावयास नको. राजर्षी शाहू महाराज (१८७४-१९२२) कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन चहा घेत, तेव्हा ते केवळ तहान भागवीत नव्हते. अनंत हरी गद्रे यांनी झुणकाभाकरीचे सत्यनारायण घातले, ते काही जिव्हालौल्यापोटी नव्हे. एका व्यासपीठासमोर सर्वांना बसवणे सोपे असते. एका पंगतीत बसवणे अवघड असते. जुन्या पंगतीत जात आडवी येत असे. नव्या पंगतीत सभासदत्व येते, आणि जेथे सभासदत्व लागत नाही तेथे दरपत्रक येते. दोन्हींची तुलना करणे अन्यायाचे होईल हे आम्ही जाणतो; जातीचा अपमान दरपत्रकात नसतो. परंतु व्याख्यान संपल्यावर एक गट आत वळतो आणि दुसरा बसथांब्याकडे, हे दृश्य लोकशाहीच्या घराला शोभणारे नव्हे.

यात नुकसान केवळ न जेवणाऱ्याचे होत नाही. ज्याने कधी शाळेत शिकवले आहे त्याला ठाऊक असते, की वर्गात सांगितलेले पुष्कळसे मधल्या सुट्टीत पचते. जो मुलगा तासाला हात वर करीत नाही, तो पाण्याच्या पिंपाजवळ गाठून खरा प्रश्न विचारतो. व्याख्यानाचेही तसेच आहे. सभागृहात प्रश्न विचारतात ते बहुधा सरावलेले लोक. खरी शंका असते ती मागल्या रांगेतील विद्यार्थ्याची, आणि ती बाहेर पडते चहाच्या पेल्याबरोबर. त्या पेल्यापासून त्याला दूर ठेवले, की व्याख्यात्यालाही आपल्या श्रोत्यांपैकी उत्तम श्रोता भेटत नाही.

मुंबईने हे एकेकाळी अनुभवले आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ साली उभ्या राहिलेल्या जहांगीर कलादालनात चित्रे पाहण्यास मूल्य पडत नाही. त्याच दालनाच्या लांबट ओसरीत १९६४ पासून २०१५ पर्यंत ‘समोवार’ नावाचे उपाहारगृह होते. तेथे नाव झालेला चित्रकार आणि कालपरवा कलाशाळेतून बाहेर पडलेला पोर शेजारशेजारच्या मेजांवर बसत. एका चहावर तास काढणाऱ्यास कोणी उठवीत नसे. भिंतीवरचे चित्र आणि त्यावरचा वाद यांच्यात पन्नास पावलांचेही अंतर नव्हते. ते उपाहारगृह बंद झाले तेव्हा हळहळ झाली ती पराठ्यांकरिता नव्हे, त्या मेजांकरिता झाली.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो पोकळ नाही. संस्था वर्गणीवर चालतात. व्याख्यान विनामूल्य ठेवावयाचे तर दिव्यांचा व शिपायाचा खर्च कोठून तरी निघावा लागतो. तो सभासद उचलतात, मग त्यांच्या भोजनगृहावर इतरांनी हक्क का सांगावा? हा युक्तिवाद आम्हास मान्य आहे. सभासदांचे भोजनगृह मोडा, असे आम्ही म्हणत नाही. आमचे मागणे फार लहान आहे. महोत्सवाच्या दिवसांत सभागृहाच्या दारातच सर्वांसाठी एक मेज मांडावे, आणि त्या दिवशीच्या प्रांताचा एखादा तरी पदार्थ तेथे विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल अशा किमतीत मिळावा. व्याख्यात्याने अर्धा तास त्या मेजापाशी थांबावे. आणि व्याख्यात्याचे नाव जेथे छापता तेथेच स्वयंपाक करणाऱ्याचे, वा करणारीचे, नावही छापावे. तो पदार्थ कोठला, कोणत्या ऋतूतला, कोणाच्या घरचा, हे तिच्याच तोंडून दहा मिनिटे ऐकावे. मग त्या भोजनाला खरोखरीच संस्कृती म्हणता येईल; एरवी ती नुसती मेजवानी.

दिल्लीला उपदेश करताना आपले अंगणही झाडावे लागेल. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेने ज्ञान दारात आणून ठेवण्याची रीत आपणास घालून दिली. १९६८ साली उघडलेल्या बालगंधर्व रंगमंदिरात नाट्यगृहाबरोबर कलादालनही ठेवण्याचे शहाणपण तेव्हाच्या लोकांना सुचले होते. आज मात्र आपल्या शहरांत असे कार्यक्रम वाढत आहेत, की ज्यांत खाद्यपदार्थांची यादी ठळक अक्षरांत आणि वक्त्याचे नाव बारीक अक्षरांत असते. तेथे व्याख्यान ही ताटातील कोशिंबीर होते. दिल्लीत दार अरुंद आहे, आपल्याकडे क्रम उलटा होऊ पाहत आहे. दोन्ही रोगांवर औषध एकच. व्याख्यान आधी, ताट नंतर, आणि दोन्ही सर्वांसाठी.

येत्या हंगामाच्या पत्रिका छापावयास जाण्यापूर्वी संस्थाचालकांनी याचा विचार करावा, एवढीच आमची विनंती आहे. चिंतामणरावांनी आयुष्यभर देशाच्या तिजोरीचा हिशेब पाहिला आणि फावल्या वेळी कालिदास वाचला. एका जादा मेजाचा खर्च कोणत्या खात्यावर घालावा, हे त्यांना विचारावे लागले नसते.