दिघीत प्लॉट घेताय? टोकनआधी पाण्याची वाट तपासा

रायगडच्या किनाऱ्यावरचं दिघी २८ ऑगस्ट २०२४ रोजी एकदम देशाच्या बातम्यांत आलं. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्या दिवशी १२ नव्या औद्योगिक शहरांना मंजुरी दिली. एकूण अंदाजे खर्च २८,६०२ कोटी रुपये, आणि महाराष्ट्रातलं त्यातलं एकमेव नाव म्हणजे दिघी. बंदर २०२१ मध्येच ७०५ कोटींना अदानी पोर्ट्सकडे गेलं होतं. आज आगरदांड्याहून फेरीबोटीत गाडी घालून आपण दिघीला उतरतो, तिथे सागरी महामार्गाचा खाडीपूलही व्हायचा आहे.

पुढे काय झालं ते तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपने सांगितलंच असेल. 'भावी शहराला लागून एनए प्लॉट, शेवटचे चार.'

असाच एक दोन गुंठ्यांचा प्लॉट गेल्या मे महिन्यात माझे मामा बघून आले. पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर हातात आलेल्या पैशातला मोठा हिस्सा त्यात जाणार होता. एजंटला टोकन दोन दिवसांत हवं होतं. मामांनी मला ड्रोनचा व्हिडिओ पाठवला आणि फोन केला, "तू कॉम्प्युटरवाला, जरा बघ."

"मामा, तिथे पाण्याचं काय?"

"बोअर मारू की!"

"येणाऱ्या नाही, जाणाऱ्या पाण्याचं विचारतोय."

पलीकडे शांतता. हा लेख त्या शांततेबद्दल आहे.

बातमी शहराची, गटार गावाचं

औद्योगिक शहराच्या आराखड्यात रस्ते, पाणी, सांडपाणी प्रक्रिया सगळं असतं. पण ते त्या क्षेत्राच्या हद्दीत. तुम्हाला विकला जाणारा प्लॉट बहुतेक वेळा त्या हद्दीबाहेरचा असतो. तिथपर्यंत मलवाहिनी येईलच असं कुणी लिहून दिलेलं नसतं. म्हणजे भाव भावी शहराचा, आणि सोय मात्र सेप्टिक टाकी आणि शोषखड्ड्याची. या दोहोंतला फरक खरेदीआधी मोजणं म्हणजेच निचरा पाहणी.

निचरा पाहणीत काय करतात?

बांधलेलं घर किंवा जुना बंगला असेल तर कॅमेऱ्याने. लवचीक दांड्याच्या टोकाला दिवा असलेला छोटा कॅमेरा लावून तो ड्रेनेजच्या पाइपात ढकलतात. फुटलेला सांधा, शिरलेली मुळं, खचलेला उतार स्क्रीनवर दिसतो. कॅमेऱ्यामागे एक बारीक ट्रान्समीटर असतो, बहुधा ५१२ हर्ट्झचा. वर जमिनीवर रिसीव्हर फिरवला की दोष नेमका कुठे आणि किती खोल आहे ते कळतं. ब्रिटनमध्ये जुनं घर घेताना ही तपासणी अनेक जण करून घेतात. आपण मात्र टाइल्स आणि मॉड्युलर किचन बघून परत येतो.

मोकळ्या प्लॉटवर पाइपच नसतो. तिथे प्रश्न तीन. वरचं पाणी कुठून येतं? ते कुठे जातं? आणि आपलं सांडपाणी जमीन पिऊ शकते का?

घरबसल्या किती कळतं?

बरंच, पण सगळं नाही. गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची चित्रं उघडा. आज जिथे लाल मुरमाचा सपाट प्लॉट आहे, तिथे दहा वर्षांपूर्वी भातखाचर किंवा खाजण होतं का ते दिसतं. पावसाळ्यात ढगांमुळे अशी चित्रं निरुपयोगी होतात, तेव्हा सेंटिनेल-१ उपग्रहाचा रडार डेटा बघा. तो कोपर्निकसच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात. साचलेल्या शांत पाण्यावरून त्या दुसरीकडे परावर्तित होतात, म्हणून पाणी काळं दिसतं. लावणीच्या वेळचं भातखाचरही काळंच दिसतं, तेवढी काळजी घ्या.

उंचीच्या फुकट नकाशांवर मात्र फार विसंबू नका. त्यातला एक चौकोन साधारण ३० बाय ३० मीटरचा, म्हणजे जवळजवळ ९ गुंठ्यांचा. मामांच्या दोन गुंठ्यांसारखे चार प्लॉट एका ठिपक्यात मावतात! उंचीतली चूकही काही मीटरची असू शकते, आणि खाडीकाठी तर हातभर फरकाने अंगण कोरडं राहतं किंवा बुडतं.

कागदांत सातबाऱ्यावरचं 'पोटखराब ब' बघा. रस्ते, कालवे, तळी अशा सार्वजनिक उपयोगाची जमीन त्यात मोडते. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल घ्या आणि पऱ्या, वहाळ कुठून जातो ते बोटाने गिरवा. लेआउटच्या रंगीत ब्रोशरवर तो वहाळ बहुधा 'गार्डन' झालेला असतो.

जागेवर काय करायचं?

पहिलं, पावसाळ्यात जा. शक्य असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, दुपारी बारा-एकला. या किनाऱ्यावर उधाणाची भरती साधारण त्याच वेळी येते. खारबंदिस्तीतल्या उघाड्या ओहोटीला पाणी सोडतात. भरतीचं पाणी चढलं की त्या बंद, आणि वरून कोसळलेला पाऊस आत तुंबून राहतो. मे महिन्यात हे दिसणारच नाही.

दुसरं, स्थानिक सर्व्हेअरकडून लेव्हल घ्या. प्लॉटचे चार कोपरे, रस्ता, शेजारची शेतं आणि जवळची मोरी. मोरीचा तळ तुमच्या जमिनीपेक्षा उंच असेल तर पाणी बाहेर जाणार नाही, हा साधा हिशोब.

तिसरं, खड्डा खणा. भर पावसाळ्यात पाणी किती फुटांवर लागतं ते बघा. मग माती आधी नीट भिजू द्या, खड्ड्यात पाणी ओता आणि ते २५ मिलिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते मोजा. तासाभराहून जास्त लागला, तर शोषखड्ड्याचा नाद सोडा. पाणी आधीच वर आलं असेल तर मोजायचीही गरज नाही.

चौथं, अंतर. पिण्याच्या पाण्याची विहीर आणि शोषखड्डा यांच्यात किमान १८ मीटर ठेवावेत, असं बांधकामाची मानकं सांगतात. दोन गुंठे म्हणजे सुमारे २०२ चौरस मीटर. प्लॉट चौरस असेल तर बाजू १४ मीटर, कर्ण जेमतेम २०. बोअर एका टोकाला, खड्डा दुसऱ्या टोकाला, मग घर कुठे? आणि शेजाऱ्याचा खड्डा तुमच्या बोअरजवळ आला तर?

कायदा वाचवेल का?

अर्धाच. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं की विक्रेत्याने त्याला माहीत असलेला मोठा दोष खरेदीदाराला सांगायला हवा. पण कोणता दोष? जो खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही सापडला नसता तो. गावनकाशात छापलेला वहाळ त्यात बसेल का? मला नाही वाटत. शिवाय ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवरच्या प्लॉटिंग प्रकल्पाला, त्यात आठपेक्षा जास्त प्लॉट असतील तर, महारेराची नोंदणी लागते. नोंदणी असेल तर मंजूर लेआउट बघा, आणि पावसाच्या पाण्याची लाइन कुठे जाऊन संपते ते विचारा. 'पुढे जाते' हे उत्तर नव्हे.

मामांचं काय झालं?

मामांनी टोकन थांबवलं, एजंट रुसला. जुलैत आम्ही दोघं गेलो. सर्व्हेअरने लेव्हल लावली, तर प्लॉट रस्त्यापेक्षा दीड फूट खाली निघाला. खड्ड्यात दोन फुटांवर पाणी. शेजारच्या शेतातल्या आजींनी विचारलं, "हितं घर बांधताव? पऱ्याचा पानी कुठं जाईल?" गावनकाशावर गिरवलेली रेघ बरोबर तिथूनच जात होती. आम्ही फुकट डेटा आणि भाड्याच्या यंत्राने शोधून काढलं ते आजींना पाठ होतं.

मामांनी तो प्लॉट सोडला. दिघी परिसरात घर घ्यायचा विचार सोडलेला नाही, आणि सोडायचं कारणही नाही. उंचवट्यावर, पक्क्या जांभ्यावर चांगल्या जागा आहेत. शहर येईल, कदाचित उशिरा येईल. पाऊस मात्र जूनमध्येच येतो, आणि त्याने मंत्रिमंडळाचा निर्णय वाचलेला नसतो. म्हणून क्रम लक्षात ठेवा : आधी नकाशा, मग पावसाळ्यातली फेरी, मग लेव्हल आणि खड्डा, आणि सगळ्यात शेवटी टोकन.