पंप गावाचा, पासवर्ड ठेकेदाराचा
जल जीवन मिशन 2019 ला आलं. योजना झाली की चालवायची ग्रामपंचायतीने. ठीक. पण जिथे पंपाला पीएलसी पॅनेल बसलंय, तिथल्या सरपंचांनी आज फाईल उघडून बघाच. वायरिंगचा नकाशा असेल. टाकी कितीवर आली की पंप बंद, विहीर आटली तर तो कशाने थांबणार, हे कुठे लिहिलंय? मूळ प्रोग्राम ठेकेदाराच्या लॅपटॉपवर! कंट्रोलरमधून परत काढला तरी त्यातल्या टिपा बऱ्याचदा मिळत नाहीत. 1530 चा धामापूर तलाव निदान बघून तरी कळतो, हा डबा बघून काय कळणार? आणि वर "ती आमची मालमत्ता" म्हणे. अहो, पैसे कोणाचे? मराठीत लिहिलेलं डिझाइन, प्रोग्राम नि पासवर्ड हातात येईपर्यंत शेवटचं बिल रोखा. मे महिन्यात पॅनेल बसलं, तर कोल्हापुरातून इंजिनिअर येईपर्यंत बायकांनी कळशी घेऊन फिरायचं काय?