न मागितलेली फाइल

४ मे २००० रोजी जगभरातील संगणकांवर प्रेमपत्राच्या नावाने एक ईमेल येऊन थडकले. सोबतच्या फाइलीचे नाव ‘टीएक्सटी’ या अक्षरांनी संपल्यासारखे दिसे. प्रत्यक्षात त्यापुढे ‘व्हीबीएस’ ही अक्षरे होती व विंडोज ती लपवीत असे. साधा मजकूर समजून ज्यांनी ती उघडली, त्यांची छायाचित्रे नष्ट झाली आणि तेच पत्र त्यांच्या नावाने परिचितांकडे गेले.

आज प्रेमपत्राची जागा बिलाने, कुरिअरच्या पावतीने वा कराच्या नोटिशीने घेतली आहे; युक्ती तीच. ‘पीडीएफ’नंतर ‘ईएक्सई’ असेल, तर तो कागद नव्हे, प्रोग्राम होय. व्यापारी घरातील संगणकावर हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे आणि नेटबँकिंग एकत्र नांदतात. फुकटच्या खेळासाठी मुलाने उतरवून घेतलेली एक फाइल या सर्वांना कुलूप लावू शकते.

न मागता उतरलेली फाइल न उघडता पुसून टाकावी. अपाय बहुधा उघडल्यानेच होतो. फाइलनावाची शेवटची अक्षरे दिसतील अशी सोय विंडोजमध्ये करून घ्यावी. हिशेबाची प्रत बाह्य डिस्कवर घेऊन डिस्क काढून ठेवावी. जोडलेली राहिल्यास तीही कुलूपबंद होते. संशय येताच इंटरनेट तोडून दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदलावेत. पैसे गेल्यास बँकेला कळवून १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

पेढीवर हुंडी पारखल्याविना सकारली जात नसे. फाइलीलाही तोच नियम लागू आहे.