पंच कीं सूत्रधार?

मेजाभोवतीं चारसहा जणांनीं बसून कल्पनेच्या राज्यांत संचार करण्याचा जो खेळ 1974 सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवानें अमेरिकेंत प्रसिद्ध केला, तो आतां आमच्या चंद्रपुरासही अगदींच अपरिचित राहिलेला नाहीं. ज्यांस तो ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. तें पात्र काय करील हें तोच ठरवितो. आणि ज्या कृत्याचें फळ संशयित असेल त्याचा निर्णय फाशावर सोपविला जातो. उरलेलें सारें जग, म्हणजे अरण्यें, राक्षस, राजे आणि दरोडेखोर, एकाच व्यक्तीच्या हातीं असतें. तिला खेळ चालविणारा म्हणावें. त्याच्यापुढें पुठ्ठ्याचा एक आडपडदा उभा असतो व त्यामागें तो आपले फासे टाकतो. आमचें भांडण त्या आडपडद्यामागें जें चालतें त्याच्याशीं आहे.

हल्लीं असें एक मत पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येतें कीं, फासा भलताच पडून कथा बिघडत असेल तर चालविणाऱ्यानें तो आंकडा गुपचूप गिळावा व दुसराच मोठ्यानें सांगावा. खेळणाऱ्यांस आनंद झाला म्हणजे झालें. हें मत आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे. आम्ही यास लबाडी म्हणतों. आणि हा शब्द प्रथम स्वतःस लावून मगच दुसऱ्यांस लावीत आहों.

आम्ही एका घरीं हा खेळ चालवीत होतों. मंडळींत सर्वांत लहान एक मुलगी होती. तिच्या पात्राचे तीन सोबती घायाळ होते, शत्रु मागावर होता, आणि पळण्यास एका घळीची तेवढी वाट होती. तिनें बराच वेळ विचार केला व म्हणाली, “तुम्ही जा, मी तोंडाशीं थांबते.” शत्रूच्या वाराचा वीस पैलूंचा फासा आम्हीं आडपडद्यामागें टाकला. त्यांत आंकडा मोठा पडला म्हणजे वार लागला. एकोणीस पडले. आम्हांस तिची दया आली आणि आम्हीं ‘चार’ म्हणून सांगितलें. सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. निघतांना मात्र ती दाराशीं थांबून म्हणाली, “काका, खरं सांगा जी, किती पडले होते?” आम्हांस खोटें बोलवेना. ‘एकोणीस’ हें ऐकून ती इतकेंच म्हणाली, “मग मी तिथं थांबले, त्याचा काय उपयोग?”

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आम्हीं तिचा जीव वांचविला असें आम्हांस वाटत होतें. वस्तुतः आम्हीं तिचें शौर्य चोरलें होतें. जेथें मरण येऊंच शकत नाहीं तेथें थांबणें म्हणजे पराक्रम नव्हे. पुढें त्या मंडळींत कोणी कशास भीत नसे, आणि कोणी कशासाठीं झटतही नसे.

या बाबतींत आमच्या झाडीपट्टींतला शेतकरी आम्हांहून शहाणा आहे. दिवाळीनंतर धान घरीं येऊं लागलें म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या गांवोगांवीं शंकरपट भरूं लागतात, आणि पटाच्या गांवीं रात्रीं नाटक ठरलेलें असतें. वडसा-देसाईगंज येथून निघालेल्या नाटकमंडळ्या होळीपर्यंत हा मुलूख जागा ठेवतात. याच रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांस 2023 सालीं पद्मश्री मिळाली. बैलांच्या शर्यती मध्यंतरीं 2014 सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें बंद पडल्या होत्या, त्यांस 2021च्या डिसेंबरांत पुन्हां मोकळीक मिळाली. तर दिवसा पट आणि रात्रीं नाटक, अशीं हीं दोन करमणुकीचीं साधनें एकाच गांवांत आणि एकाच प्रेक्षकापुढें चालतात. नाटकांतली नायिका तिसऱ्या अंकांत मरणार हें लेखकानें आधींच ठरविलेलें असतें, हें प्रेक्षक जाणतो, आणि तरीही मनसोक्त रडतो. परंतु पटांत कोणती जोडी जिंकणार हें पंचांनीं आदल्या रात्रींच ठरविलें होतें असें त्यास कळलें, तर तो पंचांस गांवाबाहेर जाऊं देणार नाहीं! नाटकांत त्यानें कथा मागितली होती, पटांत त्यानें निकाल मागितला होता. ज्याला नाटक दाखवावयाचें आहे त्यानें खुशाल दाखवावें. पण पटाची दवंडी पिटून नाटक दाखवूं नये. जो फासे हातीं देतो आणि मग ते बदलतो, तो नेमकें हेंच करतो.

कोणी म्हणेल कीं, ही दया आहे, हिला लबाडी कां म्हणतां? त्यास आम्ही सभापर्वाची आठवण देतों. तेथें शकुनीच्या कपटाचें सर्वांस स्मरण असतें, पण अध्यक्षस्थानीं बसलेल्या धृतराष्ट्राचें नसतें. ‘जिंकलें काय?’ म्हणून पुन्हां पुन्हां हर्षानें विचारणारा हा पंच पक्षपाती होता, आणि शेवटीं त्यानेंच द्रौपदीस वर देऊन, हरलेलें सर्व पांडवांस परत केलें. ही दयाच होती ना? तिचा परिणाम काय झाला? डावास डावपण उरलें नाहीं, निकालास निकालपण उरलें नाहीं, आणि लगेच दुसरें द्यूत मांडलें गेलें, ज्यांतून बारा वर्षांचा वनवास व एका वर्षाचा अज्ञातवास आला. ज्या हातास मनास येईल तेव्हां देतां येतें, त्यास मनास येईल तेव्हां काढूनही घेतां येतें. आज लाडक्या खेळाडूस वांचविणारा उद्यां नावडत्यास मारील; आणि मारलें नाहीं तरी तशी शंका कोणाच्याही मनांतून जाणार नाहीं.

दुसरा आक्षेप आप्तवाक्याचा आहे. खुद्द गायगॅक्सनें 1979 सालच्या आपल्या मार्गदर्शक ग्रंथांत चालविणाऱ्यास फासा डावलण्याचा अधिकार दिला आहे, हें खरें. परंतु निर्दोष खेळाडूवर दुर्दैव ओढवल्यास काय करावें म्हणून तो सुचवितो, तें लक्षांत घ्यावें: मरण टाळून त्या पात्रास एखादा अवयव गमवावयास लावावा. म्हणजे सूट देतांनाही तो किंमत वसूल करतो. याहून जुना दाखला प्रशियाच्या सैन्यांतील आहे. राइस्विट्झनें 1824 सालीं रचलेल्या युद्धखेळांत नियम, फासे व पंच हीं तिन्ही होतीं. पुढें 1876 सालीं व्हेर्डी द्यु व्हेर्नुआनें नियमांचें जंजाळ झुगारून सारा निर्णय अनुभवी पंचावर सोपविला. आमचे प्रतिपक्षी याचा आधार घेऊं शकतील. पण त्या पंचानें रणांगणावर काय घडेल तें सांगावयाचें होतें. काय घडलें तर आपणांस बरें वाटेल, तें नव्हे.

तर मग चालविणाऱ्यास दया करण्यास जागाच नाहीं काय? आहे, आणि ती भरपूर आहे. मात्र ती दान पडण्यापूर्वीं आहे. नवख्यांपुढें दुबळा शत्रु आणावा. एखाद्या पात्राचें मरण नकोसें वाटत असेल तर तेथें फासाच टाकूं नये, किंवा हरल्यास कैद, मरण नव्हे, असें आधीं बोलून दाखवावें. नियम जाचक वाटल्यास सर्वांच्या संमतीनें बदलावा व तो सर्वांस सारखा लावावा. आडपडद्यामागें नकाशे ठेवावेत, शत्रूचे बेत ठेवावेत; पण ज्या फाशावर कोणाचा जीव टांगला आहे तो सर्वांच्या डोळ्यांसमोर पडावा. आणि तो पडल्यावर चालविणाऱ्यानें, मान खालीं घालून का होईना, आंकडा जसाच्या तसा वाचावा.

हा तर पोराटोरांचा खेळ, त्यासाठीं एवढा आटापिटा कशास, असेंही कोणी विचारील. पण खोट्या राक्षसांपुढें मुलें जें धैर्य दाखवितात तें खोटें नसतें. तें खरें मानून त्याचा हिशेब चोख ठेवणें एवढेंच आमचें काम होतें, आणि आम्ही त्यांत चुकलों. त्या मुलीनें पुन्हां आमच्या मेजाशीं बसावें अशी आमची इच्छा आहे. या वेळीं आडपडदा घरीं ठेवून येऊं, असें आम्हीं तिला कळविलें आहे.