मिठाची चिमूट व आंतड्याचें दार

गेल्या अंकीं आम्हीं लोणच्यास बुरशी कां येते ह्याविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर एका वाचकभगिनींनीं विचारलें आहे कीं, काकडीच्या कोशिंबिरीस मीठ अगोदर लावून ठेविलें तर तिला पाणी सुटतें, तें पाणी येतें कोठून? प्रश्न साधा दिसतो खरा. परंतु तोच प्रश्न दुसऱ्या एका वेशांत आमच्या मनांत गेलीं पन्नास-साठ वर्षें घर करून बसला आहे. म्हणून आज उत्तर थोडें लांबवितों. वाचकांनीं सांभाळून घ्यावें.

काकडी काय किंवा माणूस काय, दोघांचाही देह पेशींचा बनलेला आहे. (‘पेशी’ हा शब्द सुश्रुतानें मांसखंडाच्या अर्थीं वापरला असून त्यानें त्या पांचशें मोजल्या आहेत. मराठीनें तो उचलून भलत्याच सूक्ष्म वस्तूस लावला. आम्हांस हें पुष्कळ दिवस खटकत असे. आतां संवय झाली.) प्रत्येक पेशीभोंवतीं एक अत्यंत पातळ पटल असतें. तें इतकें पातळ कीं, तशीं लाखभर पटलें एकावर एक रचलीं तरी जाडी फारशी एका मिलिमीटरापलीकडे जावयाची नाहीं. ह्या पटलांतून पाणी जाऊं-येऊं शकतें. मीठ व साखर ह्यांस मात्र तशी मोकळीक नाहीं. आतां पटलाच्या एका बाजूस दाट द्रावण व दुसऱ्या बाजूस पातळ द्रावण असेल, तर पाणी पातळाकडून दाटाकडे ओढलें जातें. काकडीवर मीठ पडलें कीं तें तिच्या ओलाव्यांत विरघळतें, पेशींच्या बाहेर दाट खारें पाणी होतें, आणि आंतलें पाणी बाहेर येऊं लागतें. उलट बेदाणा पाण्यांत टाकला तर दाटपणा त्याच्या पोटांत असतो, म्हणून तो फुगतो. ह्या क्रियेस मराठी शास्त्रकार ‘तर्षण’ म्हणतात. ‘तृष्’ म्हणजे तहानणें. ज्यानें हा शब्द योजिला त्यास आम्ही मनोमन नमस्कार करितों. कारण जेथें मीठ अथवा साखर दाट आहे ती जागा खरोखरच तहानलेली असते.

नोले नांवाच्या एका फ्रेंच पाद्र्यानें १७४८ सालीं हीच गोष्ट पाहिली. दारूनें भरलेल्या भांड्याच्या तोंडास डुकराच्या मूत्राशयाचें कातडें बांधून त्यानें तें पाण्यांत ठेविलें, तों पाणी आंत शिरून कातडें टम्म फुगलें. साहित्य सोवळ्यांतलें नव्हे, पण प्रयोग मोलाचा.

इतकेंच असतें तर पटल म्हणजे निव्वळ चाळणी ठरलें असतें. तें तसें नाहीं हें पाहावयाचें असल्यास कच्च्या बीटाच्या फोडी करून त्या थंड पाण्यानें दोनदां धुवाव्या व स्वच्छ पाण्यांत ठेवाव्या. पाणी थोडेंसेंच रंगतें. त्याच फोडी कढत पाण्यांत टाकल्या कीं पाणी लालभडक होतें. उष्णतेनें पटल बिघडलें; जोंवर तें जिवंत होतें तोंवर रंगास दाराबाहेर जाऊं देत नव्हतें.

हें पटल मुख्यत्वें मेदाचें आहे. हॉलंडांतील लायडन येथें गोर्टर व ग्रेंडेल ह्यांनीं १९२५ सालीं तांबड्या रक्तपेशींतील मेद काढून पाण्यावर पसरला, तेव्हां त्यानें व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. ह्यावरून पटल दुपदरी असल्याचें अनुमान निघालें, व तें खरें ठरलें. तुपाचा थर असल्यामुळें प्राणवायु त्यांतून सहज जातो. पण मिठाचे कण तुपांत विरघळत नाहींत, हें कोणतीही गृहिणी सांगूं शकेल. त्यांच्यासाठीं पटलांत प्रथिनांचीं दारें बसविलेलीं आहेत. पाण्यालाही कांहीं ठिकाणीं स्वतंत्र वाटा आहेत. पीटर ॲग्रे ह्या अमेरिकन संशोधकास त्या सांपडल्याबद्दल २००३ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

दारांखेरीज पंपही आहेत. डेन्मार्कच्या येन्स स्कू ह्यांनीं १९५७ सालीं ज्याचा छडा लावला तो पंप पेशींतून सोडियमचे तीन कण बाहेर फेंकतो व पोटॅशियमचे दोन आंत घेतो, आणि हें काम अहोरात्र चालू असतें. आपण स्वस्थ निजलों असतांही अन्नाच्या शक्तीचा मोठा हिस्सा ह्याच पंपांवर खर्च होतो. मीठ म्हणजे सोडियम व क्लोरिन ह्यांचा संयोग. तेव्हां हा पंप मीठच उपसत असतो असें म्हटलें तरी चालेल. ह्या उपशामुळें पेशींत सोडियमचा नेहमीं दुष्काळ असतो व बाहेर सुकाळ. सोडियम आंत शिरावयास टपलेलाच असतो. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, पुढें तिचें काम आहे.

आतां आंतड्याकडे वळूं. दररोज सुमारें नऊ लिटर द्रव लहान आंतड्यांत उतरतो. त्यांतला दोनेक लिटर आपण प्यालेला. बाकीचा लाळ, जठररस, पित्त इत्यादि रूपानें शरीरानेंच सोडलेला. त्यांतील बहुतेक सर्व पुनः शोषला जातो व मळावाटे पावशेराहूनही कमी बाहेर पडतो. पाणी उचलून नेणारा पंप मात्र आंतड्यांत कोठेंच नाहीं. पाणी मिठासाखरेच्या मागून जातें, तर्षणानें. म्हणून मीठ कसें जातें हा खरा प्रश्न.

त्याचें एक उत्तर रॉबर्ट क्रेन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६० च्या ऑगस्टांत प्राग येथील परिषदेंत मांडलें. आंतड्याच्या पेशींत एक दार असें आहे कीं, तें सोडियम व ग्लुकोज अशीं दोघें मिळून आलीं तरच आंत घेतें. सत्यनारायणास यजमानानें सपत्नीक बसावें, तसा हा नियम. (येथें एका ग्लुकोजमागें सोडियमचे दोन कण लागतात, तेव्हां उपमा फार ताणूं नये.) आंत शिरावयास टपलेला सोडियम ग्लुकोजलाही हात धरून ओढून नेतो. मागल्या बाजूचा पंप सोडियमला रक्ताकडे लोटतो, ग्लुकोज दुसऱ्या दारानें तिकडेच जातें, ती बाजू दाट होते, आणि पाणी मागोमाग चालूं लागतें.

पटकीचा जंतु आंतड्याची भिंत खरवडीत नाहीं. तो एक विष सोडतो, हें कलकत्त्याच्या शंभुनाथ डे ह्यांनीं १९५९ सालीं सशाच्या आंतड्यावरील प्रयोगांनीं दाखविलें. त्या विषानें पेशींचीं क्षार बाहेर सोडणारीं दारें उघडींच राहतात. क्षार आंतड्यांत उतरतो व पाणी त्याच्या पाठोपाठ. शिवाय एकटें मीठ आंत घेण्याचें कामही मंदावतें. अशा वेळीं नुसतें पाणी पाजलें तर त्यास नेणारें कोणी नसतें. परंतु तें जोडीचें दार त्या विषानें बंद पडत नाहीं. घराचे सर्व दरवाजे बिघडले आणि मागलें एक दार तेवढें शाबूत राहिलें, अशी ही स्थिति आहे.

येथें आम्हांस एक घरची गोष्ट सांगणें भाग आहे. १९६८ चा ज्येष्ठ. आम्ही तेव्हां मराठी चौथींत होतों. कोंकणांतील आमच्या गांवीं पहिल्या पावसाचें गढूळ पाणी विहिरींत उतरलें, आणि आमची अडीच वर्षांची धाकटी बहीण जुलाबांनीं आजारी पडली. दवाखाना दूर, नदीस पूर. दुसऱ्या दिवशीं तिचे डोळे खोल गेले व रडतांना आंसवें येईनातशीं झालीं. “दादा, पानी” एवढेंच ती म्हणे. आजीनें निक्षून सांगितलें होतें, “थेंबभर देऊं नकोस रे, पोटांत गेलें कीं खालून जातें.” माजघरांतील तांब्यावर आमची राखण होती. तिची दृष्टि त्यावरून हलेना, म्हणून आम्हीं तो उचलून फडताळांत ठेविला. तिसऱ्या दिवशीं पहांटे ती गेली. आजीनें त्यानंतर त्या तांब्यास कधीं हात लाविला नाहीं. कां, हें तिनेंही सांगितलें नाहीं व आम्हीं विचारलें नाहीं.

आजीस मूर्ख म्हणावें असें आम्हांस कधींच वाटलें नाहीं. तिनें डोळ्यांनीं पाहिलेलें खोटें नव्हतें. पाजलेलें पाणी खालून जातांना दिसत असे. पाणी बंद करणें हा त्यावरचा उपाय नव्हे, तर त्याला सोबत देणें हा उपाय, इतकेंच तिला ठाऊक नव्हतें. आणि ती सोबत तिच्याच चुलीवर रोज शिजत होती. तांदळाची मऊ पेज, वर मिठाची चिमूट. तांदळांतील पिठूळ भागाचें आंतड्यांत ग्लुकोजच होतें, व मिठाबरोबर तें त्याच दारानें आंत जातें. रोज सकाळीं आम्हां भावंडांस ती पेज वाढी. आजाऱ्यास मात्र लंघन.

त्याच वर्षीं डाक्क्यास डेव्हिड नेलिन व रिचर्ड कॅश ह्या दोघां तरुण अमेरिकन डॉक्टरांनीं पटकीच्या रोग्यांस मीठ व ग्लुकोज ह्यांचें पाणी मोजून पाजून पाहिलें, आणि शिरेंतून द्यावयाच्या सलाईनची गरज पुष्कळच कमी झाल्याचें प्रसिद्ध केलें. त्याहीपूर्वीं, १९५३ सालीं, कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी ह्यांनीं १८६ रोग्यांस तोंडावाटे असें पाणी देऊन गुण आल्याचें लिहिलें होतें. पण दाराचा शोध तोंवर लागलेला नव्हता, आणि त्यांचें म्हणणें कोणीं फारसें मनावर घेतलें नाहीं. १९७१ च्या बांगला युद्धांत निर्वासितांचे लोंढे बंगालमधील बनगांवीं आले. रुग्णालयाच्या फरशीवर रोगी दाटीनें पडलेले, सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं लिटरामागें बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा ह्या प्रमाणाच्या पुड्या करविल्या, पिंपांतून तें पाणी ठेविलें, व पाजण्याचें काम रोग्यांच्या आयाबहिणींवर सोंपविलें. शंभरांत तीसच्या आसपास मरत होते, तेथें मृत्यु चारांच्याही खालीं आले. महालनबीस २०२२ सालीं वारले; पद्मविभूषण त्यांस पुढच्या वर्षीं, म्हणजे मरणोत्तर मिळालें. सरकारला एवढी घाई कधींच नसते.

हें सर्व आजच लिहावयाचें कारण असें. २०२५ च्या आषाढांत आमच्या तीन वर्षांच्या नातवास जुलाब लागले. सूनबाई शिकलेल्या, त्यांनीं तत्काळ दुकानांतून एक रंगीत खोकें आणविलें. “मामंजी, ह्यावर ओ.आर.एस. असें लिहिलेंच आहे. शिवाय संत्र्याची चव, म्हणजे हा पिईल तरी.” आम्हीं चष्मा लावून बारीक अक्षरें वाचलीं. शंभर मिलिलिटरांत साखर अकरा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या प्रमाणांत ग्लुकोज लिटरास साडेतेरा ग्रॅम, म्हणजे शंभरांस सव्वा ग्रॅमाहून किंचित् अधिक. आठपट साखर! दाराची क्षमता ठराविक. न शोषलेली साखर आंतड्यांत राहते, ती तहानलेलीच असते, आणि शरीरांतलें पाणी उलट आंतड्यांत ओढते. कोशिंबिरीची काकडी नातवाच्या पोटांत व्हावयाची! (त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत अन्नसुरक्षा प्राधिकरणानें असल्या पेयांच्या नांवांत ओ.आर.एस. हीं अक्षरें वापरण्यास मनाई केली, हें ठीक झालें.) बाटलींतल्या फसफसत्या पेयांचेंही तेंच; त्यांतही साखर लिटरामागें शंभर ग्रॅमांच्या घरांत असते.

खरी पुडी औषधांच्या दुकानांत स्वस्त मिळते व तींत मीठ, ग्लुकोज, पोटॅशियम क्लोराइड व सायट्रेट मिळून लिटरामागें साडेवीस ग्रॅम असतात. ती किती पाण्याची आहे तें वाचून सबंध पुडी एकदमच कालवावी. अर्धी आज, अर्धी उद्यां असें करूं नये. पुडी नसेल तर उकळून निवविलेल्या एक लिटर पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. मिठाचा हात जड झाल्यास लहान मुलास अपाय होतो. चव आंसवांहून खारट लागतां कामा नये. बाळ अंगावर पीत असेल तर तें चालू ठेवावें, अन्नही तोडूं नये, जस्ताच्या गोळ्या डॉक्टरांस विचारून द्याव्या. मूल पीतच नसेल, सुस्त पडलें असेल, मळांत रक्त असेल अथवा पांच-सहा तासांत लघवी झाली नसेल, तर आमचा लेख बाजूस ठेवून सरळ डॉक्टर गांठावा.

त्या रात्रीं आम्ही व सूनबाई आळीपाळीनें बसलों. दर मिनिटास एक चमचा. एकदां तो ओकला, तेव्हां दहा मिनिटें थांबून पुनः आरंभ केला. संत्र्याची चव नसल्याची तक्रार त्यानें दोनदां केली, मग झोंपेंतच गिळूं लागला. पहांटे साडेचारास त्यानें अंथरूण ओलें केलें. एरव्हीं सूनबाई रागावल्या असत्या. त्या दिवशीं त्यांनीं आम्हांस हलवून जागें केलें व तें दाखविलें.